देवीच्या उपासाची गोळी

मारुंजीत खोली भाड्यानं घेतली तेव्हा मालकीणबाईंबद्दल माझं मत काही फार चांगलं झालं नव्हतं. बाई दार कोपरानं ठोठावायच्या. धाड, धाड, धाड. आत माणूस झोपलंय की अंघोळ करतंय याचा विचार नाही. पाण्याची मोटर चालू केली असो, कचऱ्याची गाडी आली असो, गच्चीवरचे कपडे भिजत असोत, कोपर ठरलेलं. मी मूळची लातूरकडची. आमच्याकडची माणसं फार मऊ बोलतात असं नाही, पण दारावर बोटांनी टकटक करायची रीत आमच्याकडंही आहे. मला वाटायचं, जमीन विकून इमारत बांधली की माणसाच्या कोपरात मस्ती येत असावी.

मी त्यांना काकू म्हणायचे. त्या मला मॅडम म्हणायच्या, पण म्हशीला हाक मारावी तशा सुरात. साठीकडं झुकलेल्या, ठेंगण्या, पदर खोचलेला आणि कमरेला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. घरात मुलगा आणि सून. मुलाचा पाण्याच्या टँकरचा धंदा. एकेकाळी यांची जमीन पार मोठ्या रस्त्यापर्यंत होती. आता तिच्यावर टॉवर उभे आहेत आणि इमारतीमागची भाताची दोन खाचरं तेवढी उरली आहेत.

मी हिंजवडीत एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. स्वभावही कामाला साजेसा, असं घरचे म्हणतात. सकाळी कंपनीची कॅब गेटवर येते. घरापासून त्या गेटपर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील, पण तेवढ्यालाही मी छत्री उघडायचे, थंडीतसुद्धा. काकूंना त्याची फार गंमत वाटायची.

"उनाला भिता व्हय मॅडम?" त्या गॅलरीतून ओरडायच्या. "आमी तर उनातच पिकलोय!"

"स्किन ऍलर्जी आहे," मी सांगायचे. ऑफिसातही हेच सांगितलं होतं. ऍलर्जी हा सभ्य आजार आहे. कुणाला धुळीची असते, कुणाला कोळंबीची, आणि ती सांगितली की पुढचा माणूस आपली सांगायला लागतो, विषय मिटतो. खरं म्हणजे मला ल्युपस होता. दोन्ही आजार एकाच भावकीतले. दोन्हींत शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिघडते. पण ऍलर्जीत ती परक्या, निरुपद्रवी वस्तूवर उगाच धावून जाते. माझ्या आजारात ती स्वतःच्याच शरीराला शत्रू समजते. ऊन लागलं की माझे गाल आणि नाक लाल व्हायचे, बोटं दुखायची, ताप यायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आज कातडी आहे, दुर्लक्ष केलं तर उद्या मूत्रपिंडं असतील. हे सगळं कॅबमध्ये कुणाला सांगणार? म्हणून ऍलर्जी.

एका सकाळी खाली उतरले तर काकू जिन्याखालच्या मोटरच्या खोलीपाशी उभ्या. कुलपात किल्ली घातलेली होती, पण ती फिरत नव्हती. म्हणजे काकूंना ती धरताच येत नव्हती. दोन्ही तळहातांच्या मधे किल्ली दाबून त्या सगळं अंग वळवत होत्या आणि कुलपाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मला बघितल्यावर हात चटकन पदराखाली गेले. पण मला जे दिसायचं ते दिसलं होतं. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, आणि सगळी एकाच बाजूला कललेली.

"काकू, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?"

"तुला काय करायचंय?"

मॅडमवरून एकदम तू. मी किल्ली फिरवून मोटर चालू केली आणि माझी बोटं त्यांच्यापुढं धरली. "माझीही आखडतात. उन्हात गेले तर जास्त."

त्यांनी माझी बोटं निरखून बघितली. म्हणाल्या, "दुपार होते बघ मोकळी व्हायला. मूठ म्हणून मिटत न्हाई. पोराला वाटतं वात हाय. एकानं पुड्या दिल्या, चार दिस बरं वाटलं, परत हायेच. भाकरी सून करती आता. मी म्हनते, मला कट्टाळा येतो."

आणि मग मला ते कोपर कळलं. ज्या बाईला बोटं दुमडता येत नाहीत ती दार दुसरं कशानं वाजवणार? मला फार वाईट वाटलं. पुढच्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले आणि फोटो उजेडाला लावून काकूंना दाखवला. म्हणाल्या, हा सांध्यांचा आजार वयामुळं होणारा नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशी सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच तुटून पडल्या आहेत. अस्तर सुजतं, जाड होतं, मग शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. हाडाच्या कडेला जिथं खाल्ल्यासारखं दिसतं तिथलं गेलं ते गेलं, ते परत भरून येत नाही. पण उरलेलं वाचवता येईल. दोन्ही हात सारखेच धरले जातात, आणि वेळेवर औषध नाही घेतलं तर आज मूठ मिटत नाही, उद्या घास उचलता येणार नाही.

मी हे सगळं यापूर्वी माझ्यासाठी ऐकलं होतं, आणि ऐकून आठवडाभर रडले होते. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आमच्या सोसायटीच्या वॉचमनवानी?"

डॉक्टरांना कळेना. मला कळलं, मी हसायला लागले. त्यांच्याच जमिनीवर जी सोसायटी झाली तिच्या आवारात कोपऱ्यात म्हसोबाचा दगड आहे. तो काही काकूंनी बिल्डरला हलवू दिला नाही. काकू दर अमावस्येला तिथं दिवा लावायला जातात. एजन्सी वॉचमन सारखे बदलते, आणि प्रत्येक नवा वॉचमन त्यांना अडवतो. "आंटी, किसके यहाँ जाना है? फ्लॅट नंबर?" काकू सांगतात, "म्हसोबाच्या. त्याला फ्लॅट न्हाई."

"ज्याचं वावर त्यालाच काठी दावायची," काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "आन चोर मागनं भिंतीवरनं येतुया. असंच ना?"

"अगदी असंच," डॉक्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला हा आजार असा सोपा करून कुणी सांगितला नव्हता, आणि इथं आजारी बाईनंच डॉक्टरांना सांगितला. त्या दिवशी मी काकूंवर फिदा झाले.

औषध होतं त्या वॉचमनला जरा गुंगी आणणारं. गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून घ्यायचा. डॉक्टरांनी हे दोनदा, तीनदा बजावलं. काकू म्हणाल्या, "माझा मंगळवारचा देवीचा उपास असतो. संध्याकाळी उपास सोडला की घेत जाईन. इसरायची न्हाई मी." डॉक्टर खूश, मी खूश. लग्न होऊन आल्यापासून काकूंचा एक मंगळवार चुकला नव्हता, यापेक्षा पक्की खूण कुठली? घरात त्या औषधाचं नावच पडलं, देवीच्या उपासाची गोळी.

गुण यायला दोन-तीन महिने गेले. आषाढात लावणीच्या वेळी काकू खाचरात उतरल्या. सून नको नको म्हणत होती. एकच ओळ लावली, वाकडी. पण रोप चिमटीत धरून लावलं. मूठ अर्धी मिटायला लागली होती. त्या दिवशी संध्याकाळी कोपराची धाड ऐकून दार उघडलं, तर चुलीवरची गरम भाकरी माझ्यापुढं आली. "खा. माझ्या हातची हाय. कड फाटलीय, तिकडं बघू नको." मी ती नुसतीच खाल्ली, भाजी-कोरड्यासाची वाटसुद्धा बघितली नाही.

मग नवरात्र आलं. काकूंच्या घरी घट बसतो. खाचरातली माती आणायची, तिच्यात धान्य पेरायचं, वर मातीचा घट, रोज एक माळ, आणि नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. काकू नऊही दिवस उपास करतात, तोही कडक, पायात चप्पल घालत नाहीत आणि घट उठेपर्यंत उंबऱ्याबाहेर, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दाराबाहेर, जात नाहीत.

पाचव्या माळेला मी दर्शनाला गेले तर काकू बोलेनात. तोंड आलं होतं. जीभ, ओठांची आतली बाजू, सगळीकडं फोड. राजगिऱ्याचा लाडूही गिळता येत नव्हता. शेजारणी म्हणाल्या, उपासाची उष्णता. गुलकंद झाला, सब्जा झाला, फोडांना तूप लावून झालं. मलाही तेच वाटलं. पाच दिवस शेंगदाणे आणि साबुदाण्यावर राहिल्यावर कुणाचंही तोंड येईल.

सातव्या माळेला संध्याकाळी मी ऑफिसातून निघाले तेव्हा सुनेचा फोन आला. "ताई, येताना मेडिकलमधनं आईंची गोळी आणता का? देवीच्या उपासाची. दसऱ्यापतुर पुरायची न्हाई."

मी बरं म्हणून फोन ठेवला. मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिले, औषधाचं नाव सांगितलं आणि तोंड उघडंच राहिलं. ती पट्टी घट बसायच्या आदल्या आठवड्यात मीच आणून दिली होती. आठवड्याला एक या हिशेबानं ती दिवाळी ओलांडून जायला हवी होती. मी सुनेला फोन लावला. "आई गोळी कधी घेतात गं?"

"रोज. आरती झाली की."

मंगळवार देवीचा, म्हणून मंगळवारी गोळी. नवरात्र देवीचं, म्हणून नऊ दिवस गोळी. श्रावणी सोमवारी घेतली नव्हती, कारण सोमवार शंकराचा. काकूंच्या हिशेबात कुठंच चूक नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी मात्र ही गोम ओळखू शकले नव्हते, आणि ही गोळी रोज घेतली तर काय होतं ते मला माहीत होतं. नुसता वॉचमनच नाही, शरीरात जे जे रोज नव्यानं तयार होतं ते सगळं बंद पडायला लागतं. तोंडातली कातडी, पोटातलं अस्तर, रक्तातल्या पेशी.

रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. रिक्षा सोडून मी पळत घरी गेले. काकू घटापुढं भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात लावला तर अंग तापलेलं. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा, सकाळची वाट बघू नका.

"घट उठल्याबिगर मी उंबरा ओलांडायची न्हाई," काकू म्हणाल्या. फोडांमुळं शब्द नीट फुटत नव्हते, पण हट्ट नीट फुटत होता. मुलगा हात जोडून उभा. मी तापट, मी आवाज चढवला. म्हटलं, काकू, हे मरायचं काम आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

सुनेनं काही वाद घातला नाही. ती पुढं झाली, समईत तेल घातलं, वात सारखी केली आणि सासूच्या शेजारी पाटावर बसली. "दिवा मी संबाळते, आई. हितनं हलायची न्हाई. तुमच्या जागी मी बसले. तुमी उठा."

काकूंनी देवीला हात जोडले, तेही पुरते जुळत नव्हते, आणि उठल्या. दारात मुलाचा टँकर तेवढा उभा होता. त्याच्याच केबिनमध्ये आम्ही त्यांना मधे बसवलं. पाण्याचा टँकर म्हटल्यावर त्या तुंबलेल्या रस्त्यावरही माणसं वाट देतात, हे मला त्या दिवशी कळलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. साध्या सर्दीचा जंतूसुद्धा जीव घेऊ शकेल अशी अवस्था. डॉक्टरांनी त्या गोळीवरचा उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू केली, सलाईन लावलं आणि काकूंना काचेच्या दाराच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. मास्कशिवाय कुणी जायचं नाही. फुलं नाहीत, कच्ची फळं नाहीत, मातीचं काहीही नाही. "उशीर केला असतात तर," असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धं सोडलं. मुलगा जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला.

दसरा काकूंचा काचेमागं गेला. घरी घट उठला. मातीत धान्याचे पिवळे तुरे आले होते, ते बायका केसांत खोवतात, पुरुष टोपीत खोवतात. तुरे दवाखान्यात नेता येणार नव्हते. मी फोनवर फोटो काढून नेला आणि काचेतून दाखवला. आतून आवाज नीट येत नव्हता, म्हणून काकूंनी हातानं विचारलं, केवढं आलंय? मी हात पसरून वीतभर दाखवलं. त्यांनी मान हलवली, समाधानानं. मग मास्क लावलेल्या नर्सकडून निरोप पाठवला की पहिला तुरा वरच्या खोलीवाल्या पोरीला द्या. मॅडम नाही, पोरगी. मी तो केसांत खोवून सगळा दिवस मिरवला.

काकू घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. केस विरळ झालेले, आवाज गेलेला. पण आवाज परत आला तसा त्यांनी एक उद्योग सुरू केला, जो मला जन्मात जमला नसता. भेटायला येईल त्या बाईला त्या स्वतःची चूक खणखणीत सांगायच्या. "माझं डोकं बघ! म्हनलं नवरात काय मारुतीचं असतंय व्हय? देवीचंच ना? मग घ्या गोळी! आगं, मरत हुते. तुज्या घरात कुनाला आठवड्याची गोळी हाय का? आसंल तर वार बघून दे, उपास बघून न्हाई." ऐकणाऱ्या हसायच्या, काकूही हसायच्या. कुठं लाज नाही, लपवाछपवी नाही. वाचले ते वाचले, दुसरी कुणी मरायला नको, एवढंच. आणि मी? साधं खरं नाव सांगायला घाबरून वर्षानुवर्षं ऍलर्जी ऍलर्जी करत होते. पुढच्या सोमवारी मी ऑफिसात खरा आजार सांगितला. आभाळ कोसळलं नाही. खिडकीपासून लांबची खुर्ची मिळाली.

पण गोष्ट इथं संपत नव्हती. मुलानं उरलेली पट्टी नाल्यात फेकून दिली होती. थंडी आली आणि काकूंचे हात परत सुजायला लागले. अर्धी मिटणारी मूठ पुन्हा उघडी पडली. डॉक्टर म्हणाल्या, रक्त आता ठीक आहे, तीच गोळी कमी मात्रेत परत सुरू करू, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासू. गोळी वाईट नव्हती, रोजची वाईट होती.

"त्या गोळीचं नाव काढायचं न्हाई," मुलगा म्हणाला. "आईला परत त्या काचेत बघायची माझी ताकत न्हाई." मीही गोळीची बाजू घेतली नाही, कारण मलाही भीती वाटत होती. सगळे काकूंवर जीव टाकत होते, आणि त्या जीव टाकण्यात त्यांचे हात जाणार होते.

काकू चुलीपाशी शेकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "येडा वॉचमन बगितला. बिगरवॉचमनचं घर बी बगितलं. दोनी नको. आठवड्यातनं एक डुलकी काढू दे त्याला, बास. मरायच्या भ्यानं हात गमवायचे आन मग तुमी भरवायचं? मला न्हाई जमायचं. आण गोळी."

मुलानं आणली. वार कुठला, यावर चर्चा झाली. सून म्हणाली, रविवारी घ्या, मटणाचा दिवस, ध्यानात राहील. "मग आखाडात रोज मटन, रोज गोळी," काकू म्हणाल्या, आणि त्या घरात कितीतरी दिवसांनी सगळे एकदम हसले. मंगळवारच राहिला. फक्त गोळीचं नाव बदललं. आता ती मंगळवारची गोळी.

हे धैर्य मी माझ्या आजारात कधी दाखवलं नव्हतं. जे औषध जिवावर उठलं होतं, तेच समजून-उमजून पुन्हा तोंडात टाकायचं, आणि तेही चहात साखर कमी आहे अशी तक्रार करत. दर मंगळवारी मी खाली जायचे, आणि त्या गोळी गिळेपर्यंत तिथंच उभी राहायचे.

यंदा घट बसले त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. मीटिंग चालू होती. दार वाजलं, माझं लक्ष गेलं नाही. परत वाजलं. टक, टक, टक. आमच्या इमारतीत असं सभ्य दार कोण वाजवतं म्हणून उठून उघडलं, तर काकू. अनवाणी, कपाळाला हळदकुंकू, डाव्या हातात गोळ्यांची पट्टी.

"हे धर पोरी. दसऱ्यापतुर तुज्याकडं ठेव. मंगळवारी मागाया येईन, तवा एकच दे. मधीच आले तर हाकलून लाव. देवीपुढं बसलं की माझं डोकं चालत न्हाई."

ज्या बाईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा कधी भाडेकरूच्या हातात ठेवला नव्हता, तिनं आपला जीव माझ्या हातात ठेवला. मी पट्टी घेतली. मग विचारलं, "काकू, दार कशानं वाजवलंत?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. बोटं दुमडलेली होती, अंगठा वरून घट्ट बसलेला.

"आगं बया," त्या म्हणाल्या, आणि माझ्या उघड्या दारावर त्याच मुठीनं परत एकदा जोरात वाजवलं.